दहा-दहा रुपयांची पेढी

बाजारात भाजीवालीशी आपण चार पैशांसाठी घासाघीस करतो. पण तिचे भांडवल येते कुठून, हे कधी विचारले आहे का?

अहमदाबादच्या माणेक चौकातील भाजीवाल्या सकाळी सावकाराकडून पैसे उचलीत, माल भरीत आणि संध्याकाळी व्याजासह फेडीत. कष्ट त्यांचे, जोखीम त्यांची. कमाईतला मोठा वाटा मात्र व्याजात जाई! बँकेत जावे, तर तारण नाही आणि सहीही येत नाही.

१९७२ साली एला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना उभी राहिली. १९७४ साली त्यांतल्या ४,००० जणींनी प्रत्येकी १० रुपये घातले आणि आपली सहकारी बँक काढली. सहीची अडचण? पासबुकावर फोटो लावला नि काम भागले!

शिक्षकबंधूंनो, व्यापाराचा इतिहास म्हणजे केवळ गिरण्या आणि मोठ्या पेढ्या नव्हेत. डोईवरच्या पाटीतही हिशेब असतो, धाडस असते. पुढच्या बाजाराला मुलांना बरोबर न्या आणि भाजीवालीला विचारू द्या, “मावशी, आजचे भांडवल कुणाचे?” व्याजाचे गणित तिथेच नीट कळेल.