पेंग्विनसाठी उठवलेली वसाहत

मेलबर्नला मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेल्या मराठी आईवडिलांच्या फोटोंत तीन गोष्टी हमखास असतात. तळहातावरचे दाणे खाणारा कांगारू, झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला, आणि वाऱ्यात टोपी सांभाळत समुद्राकडे पाठ करून उभे असलेले ते दोघे. ज्याच्यासाठी मुळात तिकीट काढलेलं असतं तो पेंग्विन मात्र फोटोंत नसतो. फिलिप आयलंडला संध्याकाळी पेंग्विन समुद्रातून वर येतात तेव्हा मोबाईल खिशात ठेवावा लागतो, फोटोला सक्त बंदी. फ्लॅशने ते बिथरतात.

ही एक दिवसाची सहल मीही केली. दुपारी शहरातून बस निघते, दीडएकशे किलोमीटर जाते, वाटेत प्राणी दाखवते आणि रात्री उशिरा परत आणून सोडते. आमचा ड्रायव्हरच गाईड होता, बोलका होता. बेटाच्या पश्चिम टोकाकडे जाताना दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि झुडपं, तेव्हा तो सहज म्हणाला, "इथे पूर्वी घरं होती." आणि लगेच वॉलबी कुठे दिसते त्याकडे वळला. बसमध्ये कोणी काही विचारलं नाही. मी त्या एका वाक्यापाशी अडकलो. घरी आल्यावर वाचत गेलो, त्यातलं काही इथे मांडतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

त्या गवताच्या जागी समरलँड इस्टेट नावाची वसाहत होती. रस्ते, घरं, एक मोटेल. एकूण सातशेच्या वर प्लॉट आणि त्यांतल्या शंभराहून जास्त प्लॉटवर बांधलेली घरं. १९८५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने ठरवलं की ही अख्खी वसाहत विकत घ्यायची, घरं पाडायची आणि जमीन पेंग्विनना परत द्यायची. काम संपलं २०१० मध्ये. पंचवीस वर्षं!

प्रकल्पासाठी गाव उठवणं आपल्याला नवीन नाही. धरण, कारखाना, महामार्ग, विमानतळ, यादी पाठ आहे आपल्याला. पण फूटभर उंचीच्या, किलोभर वजनाच्या पक्ष्यासाठी माणसांची वसाहत उठवली असं दुसरं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

मग सरकारला हे सुचलं कसं? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

१९२०च्या दशकात बेटावरच्या तिघा जणांनी, बर्न डेनम, बर्ट वॉचॉर्न आणि बर्ट वेस्ट, पाहुण्यांना रात्री बॅटरीच्या उजेडात पेंग्विन दाखवायला सुरुवात केली. तेव्हा पूल नव्हता, माणसं बोटीने यायची. पेंग्विन दिसतात म्हणून पाहुणे यायला लागले, पाहुणे येतात म्हणून जमिनीला भाव आला, भाव आला म्हणून प्लॉट पडले. हे गणित आपल्या कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगायला नको. १९४० मध्ये पूल झाला आणि मोटारी थेट बेटावर आल्या.

घरांबरोबर कुत्री आली, मांजरं आली, रात्री घराकडे परतणाऱ्या गाड्या आल्या. हा पेंग्विन दिवसभर समुद्रात मासे मारतो आणि अंधार पडला की चालत आपल्या बिळाकडे जातो. बीळ किनाऱ्यापासून बरंच आतही असू शकतं. वाटेत रस्ता आला तर तो रस्ता ओलांडतो, त्याला दुसरा मार्ग माहीत नसतो. मोटारीखाली किती गेले असतील! त्यात युरोपातून शिकारीच्या हौसेसाठी ऑस्ट्रेलियात आणलेला लाल कोल्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावरही पोचला होता. बेटावर एके काळी पेंग्विनच्या दहा वसाहती होत्या. त्यांतल्या नऊ संपल्या. उरली फक्त समरलँडची.

१९६८ मध्ये पॉलिन राईली आणि त्यांच्या सोबत्यांनी पेंग्विनचा अभ्यासगट काढला. पक्ष्यांना खुणेचे पट्टे बांधायचे, मोजायचे, पुन्हा मोजायचे. ही बिनपगारी, कंटाळवाणी कामं हौशी लोकांनी रात्री-अपरात्री वर्षानुवर्षं केली. त्यातून जे आकडे निघाले त्यांनी सरकारची झोप उडवली. असंच चालू राहिलं तर विसावं शतक संपायच्या आत इथले पेंग्विन संपणार, असा अंदाज निघाला. आणि पेंग्विन संपले की पर्यटनही संपणार. जॉन केन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने हा निर्णय घेतला त्यात करुणा किती आणि हिशोब किती, हे मला वेगळं करता येत नाही. मला वाटतं, हिशोब बरोबर होता म्हणूनच करुणेला बजेट मिळालं.

घरमालकांचं काय झालं असेल याचाही विचार करा. बहुतेकांची ती सुट्टीतली घरं होती. वडिलांनी बांधलेली, मुलं ज्या वाळूत वाढली ती. त्यांचा गुन्हा काही नव्हता, प्लॉट कायदेशीर होते. सरकारने पैसे दिले हे खरं, पण पंचवीस वर्षं शेजारचं एकेक घर पाडलेलं बघत राहणं काय असतं ते पैशात मोजता येत नाही. गाईडच्या एका वाक्यात हे मावत नाही, मावण्याची अपेक्षाही नाही.

पण याच्याही मागे एक गोष्ट आहे, ती बसमध्ये कोणीच सांगितली नाही.

या बेटाचं नाव मुळात फिलिप नव्हे, मिलोल. बुनुरोंग लोकांचं हे बेट. मोसमानुसार ते इथे यायचे, शंखशिंपले, मासे, समुद्रपक्षी खायचे. १७९८ मध्ये जॉर्ज बास या उपसागरात आला, त्याच्यामागून सील मारणारे आले. या टोळ्यांनी किनाऱ्यावरच्या बायका पळवून बेटांवर नेल्या, हे नोंदलेलं आहे. आणि १८४२ मध्ये मॅकहॅफी बंधूंनी मेंढ्यांसाठी अख्खं बेट भाडेपट्ट्यावर घेतलं. भाडं कोणाला? सरकारला. बुनुरोंग लोकांना एक छदामही नाही. म्हणजे याच जमिनीवरून माणसं दोनदा गेली. दुसऱ्या वेळी गेलेल्यांच्या हातात चेक होता.

मॅकहॅफींच्याच काळात मेलबर्नमध्ये १८६१ साली एक मंडळ निघालं. परदेशी प्राणी-पक्षी इथे आणून रुजवायचे हा त्याचा उद्देश. ऑस्ट्रेलियाचं रान त्यांना ओकंबोकं वाटायचं, इंग्लंडसारखं गजबजलेलं हवं होतं! फिलिप बेटावरही त्यांनी जनावरं सोडली. व्हिक्टोरियाच्या जंगलात आपल्याकडचं सांबर सोडलं, आज ते तिथे डोकेदुखी आहे. आणि आपली साळुंकी. मेलबर्नमध्ये बस सुटते तिथे फूटपाथवर सांडलेले चिप्स वेचणारी पिवळ्या चोचीची बाई पाहून मी हरखलो होतो. तिथले लोक तिला 'इंडियन मैना' म्हणतात आणि ते म्हणण्याचा सूर काही फारसा प्रेमळ नसतो. स्थानिक पक्ष्यांच्या ढोली ती बळकावते. बिचारी आपणहून गेली नव्हती, १८६०च्या दशकात पिंजऱ्यातून नेली होती.

आता कोआला. सहलीत तो "ऑस्ट्रेलियाचा अस्सल रानटी रहिवासी" म्हणून दाखवतात. रहिवासी देशाचा, हे मान्य. पण या बेटाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनी तो मुख्य भूमीवरून या बेटावर आणि शेजारच्या फ्रेंच आयलंडवर आणून सोडला. आणि ते बरं झालं असंच म्हणावं लागतं, कारण तिकडे मुख्य भूमीवर त्याची कातडी निघत होती, शब्दशः. कोआलाच्या फरचा मोठा व्यापार होता, माल लंडनला आणि अमेरिकेला जायचा. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँडच्या सरकारने, तेही मजूर पक्षाचंच, महिनाभर शिकार खुली केली. खेड्यांतल्या बेकारांना चार पैसे मिळावेत हे कारण. एका महिन्यात सुमारे सहा लाख कोआला मारले गेले. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून इतका गदारोळ झाला की क्वीन्सलँडमध्ये पुन्हा कधी ती शिकार खुली झाली नाही. त्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ क्लॉड रीड यांनी दोन कोआला घेऊन लोन पाइन अभयारण्य सुरू केलं. कोआला कडेवर घेऊन फोटो काढायची प्रथा पुढे कित्येक दशकं तिथे गाजली, २०२४ मध्ये त्यांनीच ती बंद केली.

व्हिक्टोरियात कोआला जवळजवळ संपले तेव्हा फ्रेंच आयलंडवरचे मात्र वाढून वाढून झाडं ओरबाडत होते. १९२३ पासून ते तिथून उचलून राज्यभर सोडले गेले. आज व्हिक्टोरियातले बहुसंख्य कोआला त्या मूठभर जनावरांचे वंशज आहेत. म्हणून विचित्र चित्र दिसतं: २०२२ मध्ये केंद्र सरकारने क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधला कोआला संकटग्रस्त जाहीर केला, आणि व्हिक्टोरियात काही ठिकाणी तोच कोआला जागेच्या मानाने जास्त झालाय. २०२५ मध्ये बुज बिम राष्ट्रीय उद्यानात वणव्यानंतर भाजलेल्या, उपाशी अशा शेकडो कोआलांना सरकारने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घातल्या. त्यांचे हाल थांबवण्यासाठी, असं सरकारचं म्हणणं. देशभर वाद पेटला. फांदीवर झोपलेल्या त्या गोळ्याचा फोटो काढताना यातलं काही डोक्यात नसतं.

आपल्याकडे पेंग्विन म्हटलं की भायखळा आठवतं आणि मग कमेंटमध्ये दोन पक्ष भांडायला लागतात. २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यांतला एक काही महिन्यांतच गेला, त्यावर केवढं राजकारण झालं. कृपा करून ते इथे नको. मला वेगळीच गोष्ट खुपते. आपण त्या वादात पक्ष्यांना काचेमागे किती थंडावा लागतो यावर बोललो, कंत्राट कोणाला यावर बोललो. जिथे पक्षी मुळातच राहतात, अशा आपल्याच खाड्या आणि कांदळवनं यांच्या किमतीवर इतक्या हिरिरीने कधी बोललो ते आठवत नाही.

फिलिप बेटावर कोल्ह्यांचं काय झालं तेही सांगतो. विषारी आमिषं, सापळे, बंदुका, वास काढणारी कुत्री, सगळं करून २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. त्याच वर्षी तिथे पट्टेरी बँडिकूट सोडले. घुशीएवढा, लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला हा प्राणी. मुख्य भूमीवर तो रानातून नामशेष झाला होता, फक्त बंदिस्त जागांत उरला होता. आता तो बेटावर मोकळा फिरतो आणि २०२१ मध्ये त्याचा 'रानातून नामशेष' हा शिक्का पुसला गेला. पेंग्विन आज बेटावर सुमारे ४०,००० आहेत असा अंदाज आहे.

हे सगळं सांभाळायला १९९६ मध्ये सरकारने एक स्वतंत्र संस्था केली. नफा वाटायचा नाही, मुख्यतः तिकिटांच्या पैशातून संशोधन आणि देखभाल चालवायची. तुमच्या तिकिटातले काही डॉलर कोल्ह्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या पगारात जातात, हे मला त्या कांगारूच्या दाण्यांपेक्षा जास्त आवडलं.

घरं गेली तरी पर्यटक केंद्राची जुनी इमारत पेंग्विनच्याच जागेत उभी होती. २०१९ मध्ये थोडं बाजूला, बिळं नाहीत अशा जागी नवीन केंद्र उघडलं. जुनी इमारत पाडली, तिच्याखालची जमीन मोकळी केली, तिथे झुडपं लावली आणि पेंग्विनसाठी लाकडी पेट्यांची बिळं मांडली.