पिंपातले सूर

त्रिनिदादचं ‘पॅन’ म्हणजे तेलाचं पिंप कापून केलेलं सुरेल वाद्य. त्याचं कूळ शोधू लागलं की कारागिरांच्या आधी पोलीस भेटतात.

1783 मध्ये स्पेनच्या राजाने या बेटावर कॅथलिकांना जमिनी देऊ केल्या. फ्रेंच मळेवाले गुलामांसकट आले, सोबत कार्निव्हल आला. 1797 मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. 1838 मध्ये गुलामी पुरती संपली आणि सुटलेल्यांनी तो सण आपलासा केला. उसाला आग लागली की गुलामांना रात्री-बेरात्री मळ्यात पिटाळत. त्याचंच सोंग घेऊन मशाली, काठ्या आणि ढोलांसह मिरवणूक निघे. 1881 मध्ये कॅप्टन बेकरचे पोलीस ती मोडायला गेले आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मारामारी झाली. पाठोपाठ ढोलांवर बंधनं आली. 1884 मध्ये सान फर्नांडोत मोहरमच्या मिरवणुकीवर गोळ्या चालल्या. ती काढणारे मुख्यतः हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर. (त्यांचा ताशा टिकला. आपल्या ढोल-ताशातल्या ताशाचा तो भाऊबंद.)

ढोल गेले, लोकांनी बांबू तोडले. जाड नळकांडं जमिनीवर आपटलं की खर्ज, बारीक नळ्या एकमेकींवर वाजवल्या की वरचा ठेका. पण बांबू फुटतो. म्हणून 1930 नंतर बिस्किटांचे डबे, कचरापेट्यांची झाकणं, मोटारींचे ब्रेक ड्रम आले. ठोकून पत्र्याला पोचे पडले आणि दर पोच्याचा आवाज निराळा, हे गरीब वस्त्यांतल्या पोरांनी हेरलं. पहिला सूर कुणाचा, यावर तिथे अजून वाद आहे. विन्स्टन ‘स्प्री’ सायमनचं नाव बहुधा पुढे असतं.

बंदीमुळे पॅन जन्मला, असं सर्रास म्हणतात. मला ते पोलिसांना फुकटचं श्रेय वाटतं. बेटावर खनिज तेल होतं, महायुद्धात अमेरिकी तळ आले, रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. कान मात्र पोरांचे. एली मॅनेटने पिंपाचा तळ आत खोलगट केला. घणाने पत्रा खोलवायचा, सुरांची घरं आखायची, आगीवर तापवायचा, मग छोट्या हातोडीने एकेक सूर लावायचा.

पॅनवाले म्हणजे गुंड, असा बेटावर लौकिक असतानाच 1951 मध्ये त्यांतल्या निवडक वादकांचा ताफा लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी ‘पॅनोरमा’ स्पर्धा सुरू झाली. पॅनला कायद्याने राष्ट्रीय वाद्य ठरवायला मात्र 2024 उजाडलं. त्याच वर्षी सरकारने राजचिन्हातली कोलंबसाची तीन जहाजं काढून तिथे पॅन बसवायचं जाहीर केलं.