दिनविशेष : 29 सप्टेंबर | आरती साहा यांनी इंग्लिश खाडी जिंकली

1959 : कोलकात्याच्या आरती साहा यांनी फ्रान्स ते इंग्लंड हे सागरी अंतर 16 तास 20 मिनिटांत पोहून पार केले. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. महिन्यापूर्वीचा पहिला प्रयत्न प्रवाहाने हाणून पाडला होता. तरीही त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अवघ्या 11व्या वर्षी त्या मुंबईच्या डॉली नझीर यांच्यासोबत भारतासाठी पोहल्या होत्या. 1960 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात हा वारसा रूपाली रेपाळे यांनी पुढे नेला. 1994 मध्ये शाळकरी वयातच त्यांनी इंग्लिश खाडी पार केली. आपल्याकडेही सागरी जलतरणपटूंची कसोटी पाहणारा धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सुमारे 36 किलोमीटरचा मार्ग उरणच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या करंजाजवळूनच जातो. भरती-ओहोटीचे गणित चुकले, तर इथे कसलेला पोहणाराही जागच्या जागी अडकतो.

अशा जलतरणपटू घडतात त्या शाळेच्या वयात. दरवर्षीच्या शालेय जलतरण स्पर्धांत मुलींसाठी 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात. जिल्ह्यातून विभाग, राज्य आणि राष्ट्रीय पातळी गाठता येते. समुद्राला लागून असलेल्या द्रोणागिरी परिसरातल्या प्रत्येक मुलीला पोहता आलेच पाहिजे. त्यासाठी शाळांनी मुलींचे संघ उभारावेत आणि पालकांनी त्यांना निर्धास्तपणे पाण्यात उतरू द्यावे.