नेब्रॅस्का कम्युनिटी फाउंडेशन

अमेरिकेच्या नेब्रॅस्का राज्यातील गावोगावच्या लोकनिधींना आधार देणारी धर्मादाय संस्था. स्थापना १९९३, मुख्यालय लिंकन. गावकऱ्यांच्या देणग्यांतून कायमनिधी उभारण्याची ही कल्पना १९१४ मध्ये क्लीव्हलंडचे बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी प्रथम राबवली, पण ती मोठ्या शहरासाठी होती. चार-पाचशे वस्तीच्या खेड्याला स्वतंत्र संस्थेचा खर्च झेपत नाही. म्हणून येथे हिशेब, गुंतवणूक व कायदेशीर बाबी मध्यवर्ती संस्था पाहते. पैसा कशावर खर्च करायचा, हे मात्र त्या गावचे स्वयंसेवक ठरवतात. संस्थेचे खरे बळ या विभागणीतच आहे. देणगी मागायला येणारा बहुधा शेजारीच असतो, त्यामुळे हिशेबाची विचारपूस किराणा दुकानातही होते.

शेतमालक वारला की वारस अनेकदा दूरच्या शहरात असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेली संपत्ती गावाबाहेर जाते. तिचा लहानसा वाटा मृत्युपत्राद्वारे गावासाठी ठेवावा, असा संस्थेचा आग्रह असतो. मुद्दल राखून उत्पन्नातून शिष्यवृत्त्या, वाचनालये, पाळणाघरे यांना मदत मिळते. स्वयंसेवकांच्या बैठकांमुळे एरवी क्वचित भेटणारी माणसे एकत्र येतात, हा लाभ ताळेबंदात दिसत नाही. मर्यादाही उघड आहे : जिथे जमीनजुमला असणारे थोडे, त्या गावात निधी लहानच राहतो.