घाट : पायऱ्यांचा आणि डोंगरांचा

बार्शीच्या रहिवाशास ‘घाट’ हा शब्द दोन दिशांस दोन अर्थांनी भेटतो. पूर्वेस येडशीकडे निघावे, तो बालाघाटाची चढण लागते. तेथे घाट म्हणजे डोंगरातून काढलेली वाट. नैर्ऋत्येस पंढरपुरी जावे, तर चंद्रभागेच्या काठी नावा लागतात त्या दगडी पायऱ्यांनाही घाटच म्हणतात. एक शब्द नावाड्याचा व पाथरवटाचा, तोच बैलांचे तांडे हाकणाऱ्या वंजाऱ्याचा. हे कसे झाले?

संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीवरचा उतार, नाव लागण्याची जागा. अमरकोशाने ‘शुल्क’ शब्दाचा अर्थ सांगताना घट्टादि ठिकाणी द्यावयाचा कर तो शुल्क, असे म्हटले आहे. म्हणजे घाट ही केवळ उतरण्याची जागा नव्हे. जेथून गेल्यावाचून गत्यंतर नाही आणि म्हणून जेथे राजाचा माणूस कर घेण्यास बसतो, ती जागा. डोंगरातील खिंडीची स्थिती याहून निराळी नाही. नदी असो वा डोंगर, अडथळा एकाच ठिकाणी ओलांडता येतो आणि वाटसरू तेथे आपोआप गोळा होतो. जुन्नरनजीकच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखांपासून जवळच एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीचे नाणे टाकीत, अशी परंपरा सांगते.

बार्शीस हा अर्थ अगदी अलीकडेपर्यंत प्रत्यक्ष अनुभवास येत असे. बार्शी मुंबई इलाख्यात, तर घाटावरची येडशी निजामाच्या राज्यात. बालाघाटावरचा कापूस व गळिताची धान्ये उतरून बार्शीच्या पेठेत येत, आणि वाटेत दोन राज्यांची सीमा लागे. निजामाच्या जकात खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. १९४८ साली ते राज्य भारतात सामील झाले आणि पुढे ही जकातही गेली. घाट मात्र राहिला.

‘बालाघाट’ ह्या नावातील ‘बाला’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ ‘वरचा’ असा आहे. घाट चढून गेल्यावर लागणारा मुलूख तो बालाघाट, घाटाखालचा तो पाईनघाट. वऱ्हाडातही अशीच विभागणी होती. पुढे मुलखाचे नाव डोंगराच्या रांगेस चिकटले. सह्याद्रीच्या बाबतीत युरोपीय लोकांनी असेच केले. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांस देशावर जाण्याच्या वाटा ठाऊक झाल्या, आणि वाटांचे नाव त्यांनी अवघ्या पर्वतास दिले. आज शाळेच्या पुस्तकातून ‘पश्चिम घाट’ हे नाव मुले पाठ करतात. परंतु घाट म्हणजे डोंगर नव्हे. डोंगर ओलांडण्याची सोय होय. वाटेचे नाव डोंगरास दिले म्हणजे ज्यांनी ती वाट पायांनी तुडवून घडविली, ते दृष्टीआड होतात.

नदीकाठच्या घाटाच्या बांधणीतही हीच सोय दिसते. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात पात्राच्या तळाशी जातात. एकाच उंचीचा धक्का बांधला, तर तो वर्षातील थोडेच दिवस उपयोगी पडावयाचा. पायऱ्यांच्या घाटास ही अडचण नाही. पाणी वर असो वा खाली, कोणती तरी एक पायरी पाण्याशी असतेच. नाव तेथे लागते आणि उतारू कोरड्या पायांनी काठावर येतो. वाईस गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ बांधविले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. नावेची नाळ पाणी कापते, तसा त्या भिंतीवर पुराचा लोंढा दुभंगतो.

मराठीतील ‘उतरणे’ ह्या क्रियापदास खाली येणे आणि नदी पार करणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘तीर्थ’ व ‘उतार’ हे शब्दही तरून जाणे ह्याच धातूच्या कुळातील. ‘उतारू’ त्याच घरचा. नावेतला हा शब्द पुढे आगगाडीतही बसला. १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे बार्शीस आली. १९०६ साली ती पंढरपुरास पोचली, आणि १९११ साली बालाघाट चढून लातुरास गेली. बार्शीच्या दोन दिशांचे दोन घाट ह्या छोट्या गाडीने एका तिकिटाने जोडले. ती गाडी आता रुंद रुळांवरून धावते. परंतु आषाढीस बालाघाटावरून उतरून चंद्रभागेच्या पायऱ्यांवर येणारा वारकरी आजही एकाच प्रवासात ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ चालून जातो.