डोळ्याच्या फोटोतून रक्ताभिसरण कसे तपासतात?

शरीरावर छेद न देता जिवंत रक्तवाहिन्या थेट पाहता येतात अशी जागा म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजेच दृष्टिपटल किंवा रेटिना. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा परिणाम तिथल्या बारीक वाहिन्यांवर होतो. अडचण अशी, की सुरुवातीला नजर चांगलीच असते, म्हणून रुग्ण तपासणीला जात नाही. शिवाय अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात राहणाऱ्याला डोळ्यांचे डॉक्टर जवळ असतात. अकोले तालुक्यातल्या वाडीवरून मात्र त्यासाठी प्रवास करावा लागतो. इथे संगणकाची मदत होऊ शकते.

संगणक काय पाहतो?

फंडस कॅमेरा बाहुलीतून दृष्टिपटलाचा रंगीत फोटो काढतो. संगणक त्यातले लाल, हिरवा आणि निळा हे थर वेगळे करतो. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषते, त्यामुळे हिरव्या थरात वाहिन्या गडद उठून दिसतात. मग त्यांची जाडी, वळणे आणि फाटे मोजले जातात. रोहिणी आणि नीला यांच्या जाडीचे प्रमाण साधारण २:३ असते. रोहिण्या फार अरुंद दिसल्या, तर उच्च रक्तदाबाची शंका येते. मधुमेहात सूक्ष्म फुगवटे, रक्तस्राव आणि पिवळट डाग शोधले जातात. कापसासारखे पांढरे ठिपके हे त्या भागाचा रक्तपुरवठा अडल्याचे लक्षण असते.

नांदेडचे काम

संगणकाला हे शिकवण्यासाठी तज्ज्ञांनी खुणा केलेले फोटो लागतात. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये असा संच जगभरासाठी खुला केला. ‘आयडीआरआयडी’ नावाच्या या संचात नांदेडच्याच नेत्र दवाखान्यात काढलेले ५१६ फोटो आहेत. त्यांतल्या ८१ फोटोंत प्रत्येक बिघाडाची पिक्सेलपर्यंत नेमकी खूण आहे.

२०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रणालीने ते तपासले. विश्लेषण झालेल्या २१३ मधुमेहींपैकी तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका आजार असलेला एकही रुग्ण सुटला नाही. मात्र तशी गरज नसलेल्या काहींनाही प्रणालीने ‘तज्ज्ञाकडे जा’ असे सांगितले.

मर्यादा

फोटो स्थिर असतो. त्यात वाहिनी दिसते, वाहणारे रक्त दिसत नाही. त्यासाठी हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन अँजिओग्राफी करतात. ओसीटी अँजिओग्राफीत रंगद्रव्य लागत नाही. एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेऊन, त्यांतल्या फरकावरून रक्तपेशींची हालचाल ओळखली जाते. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर आला, तर संगणकाचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

म्हणून ही प्राथमिक चाळणी आहे. निदान आणि उपचार डॉक्टरच ठरवतात. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारण दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यावे, नजर स्वच्छ असली तरी.