टेक्सासचा हिवाळा आणि गोठलेले नळ

चैत्राच्या उन्हात, शिर्डीसारख्या गावी, नळातले पाणी गोठण्याची गोष्ट सांगू लागलो तर श्रोते हसणारच. आपल्याकडे भर दुपारी तोटी सोडली तर हात भाजावा असे पाणी येते. गच्चीवर टाकी, भिंतीच्या बाहेरून उतरलेला उघडा नळ, ही आपली रीत. निफाडच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, कधी पानांवरचे दव गोठते. बर्फाशी आपली ओळख तेवढीच. परंतु उन्हासाठी बांधलेल्या घरांवर एकाएकी हिवाळा कोसळला म्हणजे काय होते, याचा इतिहास अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडला आहे. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन येथे आपली मराठी कुटुंबेही राहतात. तेव्हा हा इतिहास परका समजण्याचे कारण नाही.

आधी नळ फुटतो कसा, ते पाहू. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेतली पोरेही सांगतील. त्यावरून बर्फच नळाला आतून फाडतो अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात बर्फाचा बोळा मध्येच कोठेतरी बसतो आणि वाढत जातो. तो बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी कोंडते, त्याचा दाब चढत जाऊन नळ फुटतो. बहुधा बर्फापासून दूर, जेथे कोणाचे लक्ष नसते तेथे. म्हणून थंड मुलुखात रात्री तोटी किंचित सैल ठेवतात. थोडे पाणी वाया जाते, पण दाबाला वाट मिळते. पोटमाळ्यातला उघडा नळ बाहेरचा पारा उणे सात अंशांच्या आसपास उतरला म्हणजे धोक्यात येतो, असे इलिनॉय विद्यापीठातील संशोधनात १९९६ साली दिसून आले. थंड प्रदेशात मुख्य नळ जमिनीत खोल पुरतात, घरातले नळ बाहेरच्या भिंतीपासून आत घेतात आणि उरलेल्यांना जाड वेष्टण घालतात. टेक्सासातील पुष्कळ घरांत मात्र नळ पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतूनच नेलेले होते. उन्हाळ्याच्या हिशेबाने त्यात काही चूक नव्हती.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, बर्फाच्या वादळात, तेथे वीज तोडावी लागली. पुढच्या दिवसांत ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. वीज गेली म्हणून घरे गारठली, घरे गारठली म्हणून नळ गोठले. पाणीपुरवठ्याचे पंपही थांबले. एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याचा हुकूम झाला, आणि त्यातल्या कितीकांकडे उकळायला वीजच नव्हती! मग बर्फ वितळला आणि फुटलेल्या नळांचे पाणी छतातून अंथरुणावर आले. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे या थंडीने २४६ माणसे दगावली.

याला दैवी कोप म्हणणारे तेथेही निघाले. परंतु १९८९ च्या डिसेंबरात असेच घडले होते आणि २०११ च्या फेब्रुवारीतही. २०११ नंतर केंद्र सरकारच्या चौकशीने लिहून ठेवले की वीजकेंद्रांना थंडीपासून संरक्षण द्या. १९८९ नंतरच्या सूचनाही पाळल्या गेल्या नाहीत, हेही त्यात नमूद केले. सूचना होती, सक्ती नव्हती. खर्च वाचला तो मालकांचा; मढी उचलली सामान्यांनी.

माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. २०१९ साली याच राज्याच्या विधिमंडळात प्लंबरांच्या परवान्यांचा कायदा मुदतवाढीवाचून संपण्याची वेळ आली होती. प्लंबरांनी आरडाओरडा केला, तेव्हा राज्यपालांनी हुकूम काढून तो २०२१ पर्यंत कसाबसा तगवला. दोन वर्षांच्या आत त्याच प्लंबरांसाठी लोक आठवडे-आठवडे खोळंबून राहिले, आणि बाहेरच्या राज्यांतून कारागीर आणण्यासाठी नियम सैल करावे लागले. कारागिराची किंमत घरात गुडघाभर पाणी साचल्यावर कळते, हा अनुभव आपल्याकडचाही आहे. वीजकेंद्रांवर सक्ती करणारा कायदा अखेर २०२१ च्या जूनमध्ये झाला. १९८९ पासून एकतीस वर्षांवर लोटली होती.

आता ज्यांची मुले थंड मुलुखात आहेत, किंवा ज्यांचा कोणी लेहला, सिमल्याला नोकरीवर आहे, त्यांनी पत्रातून एवढे कळवावे. घरात राहायला जाताच पाण्याची मुख्य चावी कोठे आहे ते पाहून ठेवावे आणि ती फिरते की गंजली आहे, हेही बघावे. थंडीत गावाला जायचे तर ती बंद करून नळ रिकामे करावेत. नळ गोठलाच, तर तोटी उघडी ठेवावी आणि तोटीच्या बाजूने मागे-मागे ऊब द्यावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडता येते. ऊब द्यायची ती गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने. नळ कोठे तडकलेला दिसला तर आधी मुख्य चावी बंद करावी. पेटता बोळा किंवा स्टोव्ह नळाखाली कदापि धरू नये; त्याने घरे जळाली आहेत.